झेलांचा रकाना

माझ्या संग्रही एका क्रिकेटपटूचे कार्ड आहे. संग्रह हा शब्द येथे जरा मोठाच झाला. कारण त्यात एवढी एकच वस्तू आहे आणि तिला बाजारात कवडीचीही किंमत नाही. अपरिग्रहाच्या दृष्टीने पाहता माझी स्थिती बरीच सुरक्षित म्हणावी लागेल. पोस्टकार्डाहून थोडा लहान असा करड्या रंगाचा पुठ्ठा. कापडाचा तागा ज्यावर गुंडाळलेला असतो, त्यातून कापलेला. एका बाजूला इंग्रजी साप्ताहिकातील कृष्णधवल छायाचित्र कणकेच्या खळीने चिकटवलेले. छायाचित्रातील खेळाडू एकनाथ सोलकर. दुसऱ्या बाजूला खतावणीसारखे रकाने आखलेले, प्रत्येक आकडा वळणदार मराठी अक्षरात, शेवटी बेरीज आणि बेरजेखाली दुहेरी रेघ.

हे कार्ड माझे थोरले बंधू अण्णा यांनी १९७१ साली तयार केले आणि १९७७ च्या प्रारंभी बंद केले. ‘बंद केले’ हे शब्द त्यांचेच. दुकानात एखाद्याचे खाते बंद करतात, त्या अर्थाने.

गेल्या डिसेंबरात माझा भाचा न्यू जर्सीहून सहकुटुंब भाईंदरला आला होता. त्याचा बारा वर्षांचा मुलगा बेसबॉलचा भक्त. त्याने सोबत एक जाडजूड वही आणली होती. तिच्या पारदर्शक कप्प्यांत खेळाडूंची छापील कार्डे. पुढे चित्र, मागे आकडे. मी आकड्यांचा माणूस, त्यामुळे मला मागची बाजू अधिक आवडली. त्या मुलाचा आवडता खेळाडू कोणी मोठा फटकेबाज नव्हता. ‘युटिलिटी प्लेअर’ म्हणून ज्यांना ओळखतात, त्यांपैकी तो होता. आज या जागी, उद्या त्या जागी. जो अनुपस्थित असेल त्याच्या जागी उभा राहणारा. मराठीत याला काय म्हणावे याचा मी थोडा वेळ विचार केला. अष्टपैलू हा शब्द जवळचा आहे, पण त्यात हिऱ्याची झळाळी आहे. मला आठवला तो घरातला शब्द : ‘पडेल ते काम करणारा’. आणि त्याच क्षणी कपाटातील लोखंडी पेटीतला तो करडा पुठ्ठा आठवला.

अमेरिकेतील या कार्डांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. प्रारंभी ती सिगारेटच्या पाकिटांतून येत. पाकीट ताठ राहावे आणि गिऱ्हाईकही बांधले जावे, असा दुहेरी हिशेब. होनस वॅग्नर या खेळाडूचे १९०९ ते १९११ या काळातील तंबाखूच्या पाकिटातले कार्ड २०२२ साली ७२ लाख ५० हजार डॉलरला विकले गेले. कारण त्याच्या प्रती फार थोड्या उरल्या आहेत. वॅग्नरने स्वतःच त्या कार्डाला हरकत घेतल्याने छपाई थांबली असे सांगतात. मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला मान्य नव्हते, असे एक कारण दिले जाते. त्याला मोबदला मिळाला नाही, असे दुसरे. पहिले कारण खरे असावे अशी माझी इच्छा आहे आणि या मासिकाच्या वाचकांचीही असेल. हाच वॅग्नर कारकिर्दीत यष्टिरक्षकासारखी ‘कॅचर’ची जागा सोडून मैदानातील सर्व जागांवर खेळला होता. पुढे तंबाखू गेली, च्युइंगगम आले. आमच्या आईने तेही घरात येऊ दिले नाही. गममध्ये जिलेटिन असते आणि ते कशापासून होते, हे तिला कोणीतरी सांगितले होते.

म्हणून आमचे कार्ड घरी तयार झाले.

आम्ही मूळचे शिरोळ तालुक्यातले. वडील कापडबाजारात दिवाणजी म्हणून मुंबईस आले आणि ठाकूरद्वारच्या एका चाळीत दोन खोल्यांत आमचा संसार थाटला गेला. १९७० साली वडील अकस्मात गेले. अण्णा तेव्हा पंधरा वर्षांचे, मी दहाचा, पाठची बहीण सहाची. तेरावा संपताच वडिलांच्या शेठजींनी अण्णांना मुळजी जेठा मार्केटमधील पेढीवर ठेवून घेतले. शाळा सुटली. अण्णांनी त्याविषयी कधी तक्रार केली नाही आणि अभिमानानेही कधी सांगितले नाही. पेढीवर ते तागे मोजत, चहा सांगत, हुंडी बँकेत नेत, पावसाळ्यात गाठींवर ताडपत्री घालत आणि दुपारनंतर म्हाताऱ्या मेहताजींच्या शेजारी बसून खतावणी शिकत.

रविवारी आम्ही दोघे रेल्वेपूल ओलांडून मरीन ड्राइव्हवर जात असू. तेथे ओळीने जिमखान्यांची मैदाने आहेत. त्यांपैकी हिंदू जिमखान्याच्या कुंपणाशी अण्णा नेहमी थबकत. त्या मैदानाच्या कडेला एक झोपडी होती. एकनाथ सोलकर यांचे वडील त्या जिमखान्याचे माळी. खेळपट्टीची निगा राखणारे. एका खोलीच्या त्या झोपडीत सोलकर कुटुंब राहत असे. लहानपणी एकनाथ धावफलकावरील आकडे बदलीत असत, असे सांगतात. दुसऱ्यांच्या धावांचे आकडे खिळ्याला अडकवणारा मुलगा १९६९ साली न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला कसोटी खेळला. अण्णांना या माणसात काय दिसले असेल हे सांगण्याची गरज नाही. त्यांनी स्वतः कधी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

मग १९७१ साल उजाडले. वाचकांतील साठीपुढच्या मंडळींना ते वर्ष सांगावे लागणार नाही. अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने प्रथम वेस्ट इंडिजमध्ये आणि नंतर इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. त्या वर्षाची गोष्ट निघाली की सुनील गावसकर आणि दिलीप सरदेसाई यांची नावे येतात, आणि ती यावयासच हवीत. परंतु किंग्स्टनला भारत ५ बाद ७५ असताना सरदेसाईंनी २१२ धावा केल्या, तेव्हा दुसऱ्या टोकाला ६१ धावा करून १३७ धावांची भागीदारी करणारे सोलकर होते. ब्रिजटाउनला पुन्हा सहा गडी ७० धावांत तंबूत परतले असता सरदेसाईंनी १५० काढल्या. दुसऱ्या टोकाला ६५ धावा काढून १८६ धावांच्या भागीदारीत पुन्हा सोलकरच. इतिहासात ‘दुसरे टोक’ म्हणून ज्यांची नोंद होते, अशा माणसांविषयी अण्णांना विशेष जिव्हाळा होता.

ओव्हलची कसोटी ऑगस्टमध्ये झाली. पहिल्या डावात इंग्लंडच्या ३५५ धावा झाल्या, त्यांत ॲलन नॉट या यष्टिरक्षकाच्या ९०. त्या डावात सोलकरांनी २८ धावांत ३ बळी घेतले आणि नंतर फलंदाजीत ४४ धावा केल्या. २३ ऑगस्टला चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ गडी बाद करून इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत गुंडाळला. त्या डावात नॉटने फक्त १ धाव केली : झे. सोलकर गो. वेंकटराघवन. बॅटीच्या पुढ्यात, अवघ्या काही पावलांवर उभे असलेले सोलकर पुढे झेपावले आणि जमिनीला समांतर होऊन त्यांनी चेंडू अलगद उचलला. आमच्या कार्डावरचे छायाचित्र याच झेलाचे आहे. २४ ऑगस्टला भारताने सामना चार गडी राखून जिंकला. त्या दिवशी गणेशचतुर्थी होती आणि दुसऱ्या दिवशी आमचे दशलक्षण पर्व सुरू व्हावयाचे होते. आईने दिवस मावळण्यापूर्वी आम्हांला जेवायला बसवले होते आणि शेजारच्या खोलीतील रेडिओचा आवाज भिंतीतून येत होता. विजयाची बातमी आली तेव्हा अण्णा ताटावरून उठले नाहीत. त्यांनी हातातला घास संपवला, ताट धुतले आणि मग गॅलरीत जाऊन उभे राहिले.

काही आठवड्यांनी ते साप्ताहिक पेढीवरच्या रद्दीत आले. अण्णांनी ते चित्र शेठजींना विचारून कापून घेतले.

आता मागच्या बाजूविषयी. क्रिकेटपटूंचे छापील तक्ते त्या काळी दोनच विभागांचे असत, फलंदाजी आणि गोलंदाजी. अण्णांनी तिसरा रकाना आखला : झेल. आज संगणकावर बोट ठेवताच सर्व काही मिळते. तेव्हा झेल मोजणे हे वेगळेच काम होते. वाचकांनी जुन्या वर्तमानपत्रातील धावफलक आठवून पाहावा. एखाद्याच्या धावा त्याच्या नावासमोर असतात. त्याचे बळी गोलंदाजीच्या पृथक्करणात असतात. परंतु त्याचा झेल त्याच्या संघाच्या डावात सापडत नाही. तो प्रतिपक्षाच्या डावात, प्रतिपक्षाच्या फलंदाजासमोर, गोलंदाजाच्या नावाला जोडून आलेला असतो. झे. सोलकर गो. बेदी. झे. सोलकर गो. प्रसन्ना. म्हणजे झेल शोधावयाचा तर दुसऱ्याचे खाते ओळीने वाचावे लागते. सोळाव्या वर्षी कापडबाजारात बसलेल्या मुलाला हे अवगत होते, कारण उधारी शोधण्याची रीतही हीच आहे.

१९७७ च्या जानेवारीत इंग्लंडविरुद्ध कोलकात्याची कसोटी झाली. ती सोलकरांची शेवटची ठरली. अण्णांनी बेरीज मांडली. सामने २७. धावा १०६८. बळी १८. झेल ५३. त्याखाली दुहेरी रेघ.

मी एम.कॉम. झालो, बँकेत लागलो, तीस वर्षांहून अधिक काळ दुसऱ्यांची बेरीज तपासण्यात घालवला. निवृत्तीनंतर एका दुपारी मी हे कार्ड अधिकृत नोंदींशी ताडून पाहिले. एकही आकडा चुकलेला नाही. तपासता तपासता एक गोष्ट ध्यानात आली. सोलकरांनी कसोटीत १०६८ धावा केल्या आणि गोलंदाजी करताना १०७० धावा दिल्या. जमा १०६८, नावे १०७०. केवळ या दोन रकान्यांवर ताळेबंद मांडला तर दोन धावांची तूट निघते! फलंदाजीची सरासरी २५.४२, गोलंदाजीची ५९.४४. पतपुरवठा करणाऱ्या कोणत्याही समितीपुढे हा प्रस्ताव ठेवला असता, तर पाच मिनिटांत नामंजूर झाला असता. एकमेव शतक १९७५ च्या जानेवारीत, वानखेडे स्टेडियमवरील पहिल्या कसोटीत, १०२ धावांचे; तेही क्लाइव्ह लॉईडच्या नाबाद २४२ धावांखाली झाकले गेले आणि सामना भारताने गमावला.

आणि तरीही बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन या चौघांच्या कोणत्याही चाहत्याला विचारावे. फिरकी गोलंदाजाचा चेंडू बॅटीची कड घेऊन, पॅडवर आदळून, हातभर अंतरावर हलकेच उडतो. तेथे कोणी नसेल तर तो गवतावर पडतो आणि गोलंदाज कपाळावर हात मारतो. धावफलकाला त्याचा पत्ताही लागत नाही. तेथे सोलकर उभे असत. फॉरवर्ड शॉर्ट लेग ही ती जागा. डोक्यावर शिरस्त्राण नाही, नडगीला आवरण नाही. कसोटीत फलंदाजांच्याच डोक्यावर शिरस्त्राण १९७८ मध्ये आले. तोवर सोलकरांची कारकीर्द संपली होती. फलंदाजाने फटका मारण्यासाठी बॅट उचलली की मनुष्यमात्राचे शरीर मागे हटते. तो देहाचा धर्म आहे. सोलकर हटत नसत. सत्तावीस सामन्यांत ५३ झेल म्हणजे दर सामन्याला जवळजवळ दोन; वीस किंवा अधिक कसोटी खेळलेल्या, यष्टिरक्षक नसलेल्या क्षेत्ररक्षकांत या प्रमाणात ते अग्रस्थानी मानले जातात. शिवाय पडेल ते काम होतेच. संघात वेगवान गोलंदाज नाही? नवा चेंडू सोलकरांच्या हाती. त्याची लकाकी उतरवून तो फिरकी गोलंदाजांच्या स्वाधीन करावयाचा. सलामीला कोणी नाही? सोलकर पॅड बांधून तयार. डावखुरी मध्यमगती चालेना, तर डावखुरी फिरकी. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेन्नईला मुंबईने तामिळनाडूला तिसऱ्या दिवसाच्या पहिल्या चेंडूवर हरवले. त्या सामन्यातील पद्माकर शिवलकरांचे १३ बळी सर्वांना आठवतात, दुसऱ्या डावातील सोलकरांचे २३ धावांत ५ बळी फारसे कोणाला नाहीत.

बेसबॉलमध्येही ही मंडळी बराच काळ बिनरकान्याची होती. बर्ट कॅम्पानेरिस नावाचा खेळाडू १९६५ साली एकाच सामन्यात नऊच्या नऊ जागांवर खेळला. त्याचे कौतुक झाले ते नवल म्हणून. उत्तम क्षेत्ररक्षणासाठी तिकडे ‘गोल्ड ग्लोव्ह’ नावाचा पुरस्कार देतात, प्रत्येक जागेसाठी एक. अनेक जागा सांभाळणाऱ्यांना मात्र स्वतःची जागाच नसल्याने तो मिळणे कठीण. अखेर २०२२ पासून त्यांच्यासाठी वेगळा ‘युटिलिटी’ पुरस्कार सुरू झाला. ही माहिती मला त्या बारा वर्षांच्या मुलाने दिली. मी त्याला विचारले, “मग यापूर्वीचे जे होते त्यांचे काय?” त्याने खांदे उडवले. तो वयाने लहान आहे.

आमच्या बँकेतही ही जात होती. रजेवर गेलेल्या अधिकाऱ्याच्या जागी पाठवावयाचा माणूस. आज रोकड विभाग, उद्या कर्ज विभाग, परवा दूरच्या शाखेच्या किल्ल्या. वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जात ठेवी किती आणल्या, कर्जे किती दिली, वसुली किती केली यांसाठी रकाने असत. एखाद्या माणसामुळे शाखा वेळेवर उघडली, यासाठी नसे. मी स्वतः त्या जातीचा नव्हतो. मला माझे टेबल आणि माझ्या बढत्या वेळच्या वेळी मिळाल्या. त्या मिळाल्या याचे कारण घरी एक मनुष्य शॉर्ट लेगवर उभा होता.

१९८६ साली आम्ही ठाकूरद्वार सोडून भाईंदरला आलो. त्या काळचे भाईंदर म्हणजे मिठागरे, खाडीवरचा वारा, अर्धवट बांधलेल्या इमारती आणि पाण्याची वणवण. अण्णांनी घराचा ताबा घेतला त्या दिवसापासून पाण्याचा टँकर हा जणू त्यांचाच विभाग झाला. पहाटे चारला उठून ते टँकरवाल्याशी बोलत, इमारतीतील प्रत्येक घराला किती हंडे याची वही ठेवीत आणि मग सहाच्या सुमारास गाडी पकडून मार्केटला जात. बहिणीचे लग्न त्यांनी केले. माझी फी त्यांनी भरली. १९८२ च्या गिरणी संपात बाजार थंडावला तेव्हा पेढीने पगार निम्म्यावर आणला. अण्णांनी संध्याकाळी एका छापखान्यात पत्ते लिहिण्याचे काम धरले आणि आईला मात्र ‘सीझन आहे, उशीर होतो’ एवढेच सांगितले. स्वतःचे लग्न त्यांनी बहिणीनंतर, चौतिसाव्या वर्षी केले. वहिनी सोलापूरच्या. आई शेवटची दोन वर्षे अंथरुणाला खिळली होती. त्या काळात माझी बदली गुजरातेत होती आणि आईचे सर्व काही या दोघांनी केले.

२००५ च्या २६ जूनला सोलकर गेले. वय अवघे ५७. बातमी वाचून अण्णांनी पेटी उघडली, कार्ड पाहिले आणि परत ठेवले. खाते बंद होते. त्यात नवी नोंद करण्यासारखे काही नव्हते.

पुढच्या वर्षी, ११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी, पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. त्यांपैकी एक मीरा रोड आणि भाईंदर यांच्या दरम्यान झाला. त्याविषयी मी येथे अधिक लिहिणार नाही. आपल्या शहरातील अनेक घरांना तो दिवस सांगावा लागत नाही. त्या दिवशी अण्णा घरी होते. आवाज ऐकून रुळांच्या दिशेने जी माणसे धावली, त्यांत ते होते. मी रात्री उशिरा बोरिवलीहून चालत घरी पोहोचलो तेव्हा ते न्हाणीघरात होते आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्यांनी काय पाहिले, काय केले, हे त्यांनी आजवर एका शब्दानेही सांगितलेले नाही. त्यांच्या खिशातल्या त्या वर्षीच्या डायरीत त्या तारखेखाली एकच ओळ आहे : ‘चादरी ६ दिल्या.’

यंदा अण्णा सत्तर वर्षांचे झाले. एका मंडळाने समाजातील ज्येष्ठांचा सत्कार योजला आहे आणि आमच्या इमारतीतील तरुणांनी परस्पर अण्णांचे नाव सुचवले. मंडळाकडून छापील अर्ज आला. शिक्षण. व्यवसाय व पद. प्राप्त पुरस्कार. भूषविलेली पदे. दिलेल्या प्रमुख देणग्या. अर्ज भरण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले, कारण घरात मी शिकलेला. मंडळाचा यात काही दोष नाही. रकाने कोठे तरी आखावेच लागतात आणि माझी सारी हयात रकाने आखण्यात गेली आहे. पण शिक्षण या शब्दापुढे मी ‘नववी’ लिहिले आणि पुढे पेन चालेना. अण्णा शेजारी बसून शेंगा सोलत होते. म्हणाले, “अरे, कोरा परत पाठव. मी काय केलं आहे त्यात लिहिण्यासारखं?”

मी अर्ज कोरा पाठवला नाही. त्या आठवड्यात मी अण्णांच्या जुन्या डायऱ्या मागून घेतल्या. कापडबाजारातील व्यापारी दिवाळीला वाटतात तशा त्या खिशातल्या डायऱ्या. १९७४ पासूनच्या जवळजवळ सर्व शिल्लक आहेत. बँकेत असताना पुराव्याखेरीज एकही नोंद मान्य करावयाची नाही, ही सवय लागली होती. तीच येथेही पाळली. मात्र अण्णांच्या डायऱ्यांत त्यांच्याविषयी काही सापडत नाही, हे पहिल्याच दिवशी कळले. त्यांच्या नोंदी दुसऱ्यांच्या नावाखाली होत्या. ‘धाकट्याची फी.’ ‘तिसऱ्या मजल्यावरील काकूंचे औषध.’ ‘जिना, बल्ब.’ ‘मेहताजींना घरी सोडले.’ ‘आई, रात्र.’ ही शेवटची नोंद लागोपाठ दोन वर्षे, जवळजवळ रोज. मी त्या नावांवरून ओळीने शोधत गेलो आणि एका मोठ्या कागदावर तारखेनुसार नोंदी उतरवल्या. कागद पुठ्ठ्यावरच्या कार्डासारखाच आखला. वरच्या बाजूला अर्जातील सगळे विषय घेतले आणि त्यांखाली मोकळे सोडले. मग शेवटी झेलांचा रकाना. तो भरता भरता दोन ताव पुरवणी जोडावी लागली. ११ जुलै २००६ ची ओळही तशीच उतरवली, एक अक्षरही न वाढवता.

तो कागद अर्जाला जोडण्यापूर्वी अण्णांना दाखवणे आवश्यक होते. त्यांनी चष्मा लावला, खिशातले पेन काढले आणि मेहताजींच्या पद्धतीने प्रत्येक ओळीला बारीक टिंब देत वाचायला सुरुवात केली. आत स्वयंपाकघरात वहिनी भाकऱ्या थापत होत्या. बराच वेळ त्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हते. ते नको म्हणणार याची मला जवळजवळ खात्री होती. एकदा त्यांनी मान हलवली. पण तेथे त्यांना मेहताजींची आठवण आली होती. ‘आई, रात्र’ या ओळीशी पेन थांबले. त्यांनी त्यापुढे वहिनींचे नाव लिहिले. पुढे चादरींच्या ओळीशी पुन्हा थांबले.

“या चादरी हिच्या होत्या,” ते म्हणाले. “माहेरून आणलेल्या, सोलापुरी. मी कपाट उघडायच्या आत हिनं दारात आणून ठेवल्या. मी फक्त नेल्या. इथंही हिचं नाव पाहिजे.”

“कसं लिहू?” मी विचारले.

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला, थोडा विचार केला आणि धावफलकात लिहितात तसे, आधी ‘झे.’ लिहून वहिनींचे नाव लिहिले, मग ‘गो.’ लिहिले आणि त्यापुढची जागा मोकळी ठेवून पुढच्या ओळीवर गेले.